कागदावर तीन डिस्क, पेटीत दोनच: अंबडच्या एका टूलरूममधलं रेडचं प्रकरण

सोमवारी सकाळी पावणेनऊला नाशिकच्या अंबडहून फोन आला. "सर, सर्व्हर चालू आहे, पण झेड ड्राइव्ह गायब आहे. पोरं हाताची घडी घालून बसलीत." मी गाडी काढतोय तोवर दुसरा फोन. "व्हीएमवर पिवळा त्रिकोण दिसत होता, म्हणून मी स्टॉप करून परत स्टार्ट केलं. तरी येत नाही."

पहिल्या फोनची मला काळजी वाटली नव्हती. दुसऱ्या फोनने पोटात गोळा आला.

गिऱ्हाईक म्हणजे एमआयडीसीतला एक टूलरूम. नाव सांगत नाही. प्रेस टूल, मोल्ड, थोडंफार जॉबवर्क. झेड ड्राइव्हवर पंधरा वर्षांची ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्रॅम. एखादा जुना साचा दुरुस्तीला परत आला की आधी त्याचं ड्रॉइंग शोधायचं, मगच मशीन लावायची, असा तिथला शिरस्ता. म्हणजे झेड ड्राइव्ह बंद, तर मशीनला वीज असूनही काम बंद. गरवारे पॉइंटच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा फोनवर एवढंच सांगितलं, "आता कशालाही हात लावू नकोस. रीस्टार्ट नको, रिपेअर नको. पासवर्ड कुणालाच आठवत नाही असं समज."

मांडणी अशी होती. एक टॉवर सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. सिस्टिमसाठी छोटी एनव्हीएमई (चिपवाली, न फिरणारी डिस्क), आणि पुढच्या चार खणांपैकी दोन खणांत ४ टीबीच्या दोन फिरत्या डिस्क. दोन्हींवर एकेक थिन पूल, म्हणजे लिहिलं जाईल तशी जागा देणारा साठा. त्यावर दोन मुख्य व्हीएम: एक सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगचं, दुसरं फाइल सर्व्हरचं. फाइल सर्व्हर म्हणजे डेबियन १२ हे लिनक्स आणि विंडोजला फाइली दाखवणारं सांबा. त्याला १००० जीबीच्या तीन आभासी डिस्क दिलेल्या: एसडीबी, एसडीसी, एसडीडी. आत एमडीने, म्हणजे लिनक्समधल्या रेडच्या ड्रायव्हरने, त्या तिघींचं रेड ५ केलेलं: तीन डिस्क मिळून एक ॲरे, एखादी गेली तरी मजकूर वाचावा म्हणून. वापरायला २००० जीबी.

हे आधीच्या व्हेंडरने बसवलेलं. त्याला शिव्या घालायचा मोह होतो, पण मीही रेड असंच शिकलोय. लॅपटॉपवर एक व्हीएम घ्यायचं, त्याला पाच-पाच जीबीच्या चार डिस्क जोडायच्या, एक मुद्दाम फेल करायची, काढायची, नवी घालायची, ॲरे वाढवायचा. एक रुपया खर्च न करता हात बसतो. शिकायला याहून चांगली जागा नाही. घोळ होतो तो त्या सरावातला आराखडा जसाच्या तसा कारखान्यात उचलून नेला की. सरावात डिस्क 'फेल' होते ती आपण कमांड दिली म्हणून. कारखान्यात फेल होते ती खणातली खरी डिस्क, आणि तिच्या पोटात किती आभासी डिस्क आहेत हे आतल्या लिनक्सला कधीच कळत नाही.

पोचलो तर व्हीएमच्या कन्सोलवर इमर्जन्सी मोडचा प्रॉम्प्ट. एफएसटॅबमध्ये (बूटला काय जोडायचं ती यादी) झेड ड्राइव्हच्या ओळीला 'नोफेल', म्हणजे नसेल तरी पुढे जा, असं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे बूट सांभाळणाऱ्या सिस्टिमडीने दीड मिनिट वाट पाहिली आणि हात वर केले. लॉगमध्ये ज्याची भीती होती ती ओळ होतीच. कर्नल म्हणत होता की ॲरे 'डर्टी' आणि 'डिग्रेडेड' दोन्ही आहे, मी सुरू करणार नाही.

रेड ५ मधली एक डिस्क गेली तरी ॲरे चालतो, कारण गेलेल्या डिस्कवरचा मजकूर उरलेल्या दोघींवरून गणित करून काढता येतो. पण त्यासाठी उरलेल्या दोघींचं एकमेकींशी जुळलेलं असायला हवं. लिहिता लिहिता मशीन बंद पडलं तर एकीवर नवं लिहिलं गेलंय आणि दुसरीवर अजून जुनंच आहे, असं होऊ शकतं. तिन्ही डिस्क हजर असतील तर पॅरिटी, म्हणजे या गणितासाठी ठेवलेली जादा बेरीज, नव्याने काढून मेळ घालता येतो. दोनच असतील तर गणिताचं उत्तर चुकीचं येऊ शकतं, तेही गुपचूप. म्हणून एमडी अडून बसतो. लोक याला बग म्हणतात. मला तो एमडीचा शहाणपणा वाटतो.

प्रत्येक डिस्कचा सुपरब्लॉक, म्हणजे एमडीने तिच्यावर ठेवलेली ॲरेची नोंद, 'एक्झॅमिन' करून पाहिला. ॲरेत काही बदल झाला की प्रत्येक हजर डिस्कवरचा 'इव्हेंट'चा आकडा पुढे सरकतो. हजेरीपटच म्हणा ना. एसडीबी आणि एसडीडीचे आकडे अगदी सारखे. एसडीसी हजारोंनी मागे, आणि तिच्यावरची शेवटची नोंद सहा आठवड्यांपूर्वीची. म्हणजे ती आज गेली नव्हती. सहा आठवडे हा कारखाना दोन चाकांवर चालला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. एमडीने इमानदारीने मेल पाठवला होता, पण तो त्याच मशीनवरच्या रूट नावाच्या खात्यात. ते खातं कोण उघडणार?

आता होस्टकडे, म्हणजे व्हीएम ज्याच्यावर चालतात त्या खऱ्या सर्व्हरकडे गेलो आणि इथे सगळं उलगडलं.

दुसऱ्या खणातल्या डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) 'पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा आकडा बराच वर गेलेला. ती डिस्क मरायला टेकली होती, आणि एसडीसी तिच्यावरच होती. वाचताना चूक आली, एमडीने तिला बाहेर काढलं, इथवर सगळं नियमाने. एसडीबी आणि एसडीडी मात्र दोघीही पहिल्याच खणातल्या डिस्कवर होत्या. दोघी एकाच घरात. दुसऱ्या खणाऐवजी पहिल्या खणातली डिस्क गेली असती, तर तीनपैकी दोन डिस्क एका झटक्यात गेल्या असत्या आणि रेड ५ च्या गणितात त्याला उत्तर नाही. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडचा शोधनिबंध मांडला, तेव्हा 'आरएआयडी' या नावातल्या 'आय'चा अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे तो बदलून 'स्वतंत्र' झाला. इथे डिस्क स्वस्तही नव्हत्या आणि स्वतंत्र तर नव्हत्याच.

मग आजचं काय? पहिल्या खणाचा थिन पूल १०० टक्के भरला होता. ४ टीबीची डिस्क संगणकाच्या मोजणीत ३७२५ जीबी भरते. त्यात १००० आणि १००० जीबीच्या दोन रेड डिस्क आणि सीसीटीव्हीची २००० जीबीची, असे ४००० जीबी वाटलेले. थिन पूलमध्ये असं चालतं, कारण जागा वाटताना जात नाही, लिहिताना जाते. लग्नाला हजार पत्रिका वाटायच्या आणि पानं आठशेच मांडायची, तसा हिशेब. सगळे एकदम जेवायला आले की पंचाईत. पूल भरल्यावर प्रॉक्समॉक्सने व्हीएम जागच्या जागी गोठवलं. तोच तो पिवळा त्रिकोण. तिथे थांबून पूलमध्ये जागा केली असती तर व्हीएम पुढे चाललं असतं. स्टॉप दाबल्याने ते लिहिता लिहिता मेलं.

फोन करणाऱ्या त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याने शुक्रवारी ९७ टक्के बघून झेड ड्राइव्हवरच्या ३०० जीबीच्या जुन्या फाइली उडवल्या होत्या. "सर, एवढं डिलीट केलं, पण टक्का तसाच." प्रश्न रास्त होता. आतून फाइल उडवली की 'ही जागा आता नको' हा निरोप खालच्या पूलपर्यंत पोचावा लागतो. रेड ५ चा ड्रायव्हर तो निरोप मुळात पुढे पाठवतच नाही. त्यासाठी एक मॉड्यूल पॅरामीटर आहे, पण खालची डिस्क मोकळ्या केलेल्या जागी वाचताना नेमाने शून्यच देते याची खात्री असेल तरच तो चालू करायचा, नाहीतर पॅरिटी बिघडते. मी तो अजूनही बंद ठेवलाय.

जागा खाल्ली कुणी, ते नंतर सापडलं. सीसीटीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी कुणीतरी अकरा महिन्यांपूर्वी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणीची जपलेली स्थिती, घेतला होता आणि विसरला होता. रेकॉर्डिंग रोज जुन्यावर नवं लिहितं, पण स्नॅपशॉट जुनं सोडत नाही. जवळपास ९०० जीबी त्याच्या मुठीत. तो काढला, पूल ७६ टक्क्यांवर आला. मेटाडेटाचा, म्हणजे पूलच्या स्वतःच्या नोंदींचा टक्का वेगळा दिसतो, तोही बघून घेतला. तो भरला तर याहून वाईट दिवस येतो.

"बॅकअप आहे ना?" मालकांनी विचारलं.

"बघतो, भाऊ."

बॅकअप रोज रात्री व्हायचा, रोज हिरवी खूण यायची. त्यात होतं काय? सिस्टिमची डिस्क आणि एसडीबी. बाकीच्या दोन डिस्कवरची 'बॅकअप' ही खूण कुणीतरी जागा वाचवायला काढलेली. रेड ५ मधल्या तीनपैकी एका डिस्कचा बॅकअप म्हणजे तीन पानी करारपत्राचं फक्त पहिलं पान जपून ठेवणं. त्यात हा बॅकअप पडत होता मरणाऱ्या दुसऱ्या खणातल्या डिस्कवर. मालकांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पोऱ्याला चहा आणायला पाठवलं.

महात्मा गांधी रोडवरून ४ टीबीच्या तीन नव्या डिस्क आणि एक बाहेरची यूएसबी डिस्क मागवली. त्या येईपर्यंत मी काहीच केलं नाही. दुरुस्तीतला सगळ्यात अवघड भाग हाच. मागे चार माणसं उभी असतात, आणि जबरदस्ती जोडणी करणारी कमांड एका ओळीची असते. त्यात नेटवर पाच मिनिटं शोधलं की एक सल्ला हमखास सापडतो: ॲरे त्याच डिस्कवर नव्याने 'क्रिएट' करा. डिस्कचा क्रम, चंकचा आकार, डेटा सुरू होण्याची जागा, यातलं एक जरी चुकलं तरी आहे त्या मजकुरावर पाणी. शेवटचा उपाय म्हणून ते असतं, पहिला म्हणून कधीच नाही.

दुपारी डिस्क आल्या. एक चौथ्या खणात बसवून होस्टवरूनच एसडीबी आणि एसडीडी या दोन्हींची बाइट-न्-बाइट प्रत काढायला लावली. एकामागून एक, एकदम नाही, कारण दोघी एकाच तबकडीवर. सेकंदाला १५० एमबीच्या आसपास वेग, म्हणजे प्रत्येकी दोन तास. संध्याकाळी सहाला दोन्ही प्रती तयार.

व्हीएमचा खरा फायदा इथे झाला. एक नवं, रिकामं व्हीएम उभं केलं आणि मूळ डिस्कना हात न लावता फक्त प्रती त्याला जोडल्या. मूळ आणि प्रत एकाच व्हीएमला कधी जोडू नये, दोघींचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच असल्याने एमडी कुणाला उचलेल याचा भरवसा नाही. मग रंगीत तालीम. 'असेंबल' सोबत 'फोर्स', आणि नाव घेऊन फक्त दोनच डिस्क. सहा आठवडे शिळी एसडीसी या खेळात नको. ॲरे उभा राहिला. /प्रॉक/एमडीस्टॅटमध्ये ओळ आली:

[३/२] [यू_यू]

मधली रेघ म्हणजे गेलेली डिस्क. फाइलसिस्टिम एक्स्ट४. आधी 'एन' लावून नुसती तपासणी, काही न लिहिता. चुका होत्या, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग प्रतीवरच खरी दुरुस्ती चालवली, माउंट केलं आणि त्या मुलाला म्हटलं, "कुठलीही दहा ड्रॉइंग उघड. जुनी पाच, गेल्या आठवड्यातली पाच." नऊ उघडली. दहावी शनिवारी संध्याकाळी सेव्ह केलेली, आकार शून्य. ती ड्राफ्ट्समनच्या मशीनवर तात्पुरत्या फाइलींत सापडली.

तालीम झाली म्हणून मग तेच मूळ डिस्कवर केलं. रात्री अकराला झेड ड्राइव्ह परत आला, आधी फक्त वाचण्यापुरता. ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम मिळून २१० जीबी होते, ते पहिल्यांदा यूएसबी डिस्कवर काढले. ती डिस्क मालक स्वतः घरी घेऊन गेले.

मंगळवारी काम सुरू झालं आणि रात्री दुरुस्ती. मेलेली डिस्क काढून दुसऱ्या खणात नवी बसवली. तिच्यावर थिन पूल केला नाही, साधा जाड एलव्हीएम, म्हणजे जागा आधीच कापून देणारा. स्नॅपशॉट गमवावे लागतात, पण वाटलेली जागा खरोखर असते. त्यावर १००० जीबीची नवी आभासी डिस्क कापली, व्हीएमला जोडली, ॲरेत 'ॲड' केली. रीबिल्ड आपोआप सुरू झाला.

वेग? सेकंदाला ४५ एमबी. मी कर्नलची वेगमर्यादेची सेटिंग वाढवून पाहिली, फरक शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला. रीबिल्डला एसडीबी आणि एसडीडी एकाच वेळी वाचाव्या लागतात, आणि दोघी एकाच तबकडीच्या दोन टोकांना. डिस्कचा हेड गावभर पळत होता. कान लावला तर पेटीतून खरखर ऐकू येत होती. आधी एसडीडी वेगळ्या खणात हलवून मग रीबिल्ड लावला असता तर वेळ निम्म्याहून कमी लागला असता. ही माझी चूक. साडेसहा तास त्या खुर्चीत बसून फेडली.

बुधवारी तिसऱ्या खणात नवी डिस्क घातली आणि प्रॉक्समॉक्सच्या 'मूव्ह डिस्क'ने एसडीडी चालू व्हीएममधूनच तिकडे हलवली. आता तीन सदस्य, तीन खण. प्रत्येक आभासी डिस्कला सिरीयल म्हणून तिच्या खणाचा नंबर दिला. एसडीबी, एसडीसी ही नावं बूटगणिक बदलू शकतात, सिरीयल बदलत नाही. आतून एलएसबीएलके ही डिस्कची यादी देणारी कमांड मारली की कोणती डिस्क कुठल्या लोखंडावर आहे ते आता समोर दिसतं.

वाढवण्याचा विषय मालकांनीच काढला. २००० मधले १७०० जीबी भरलेले, आणि आता थ्रीडी स्कॅनच्या फाइली येणार होत्या. एक वाट अशी की तिन्ही आभासी डिस्क होस्टवरून मोठ्या करायच्या, आत डिस्क रीस्कॅन करायची आणि 'ग्रो' देऊन आकार 'मॅक्स' करायचा. ती सोपी आणि जलद. पण पहिल्या खणात सीसीटीव्ही बसलेला, तिथे वाढायला जागा नाही. दुसरी वाट चौथा सदस्य घालायची. चौथ्या खणातल्या डिस्कवर प्रती ठेवूनही जागा होती. चार डिस्कवर रेड ६ करून दोन डिस्क गेल्या तरी निभेल असं सुचवलं; त्यात जागा मात्र २००० जीबीच राहते. मालकांना जागा हवी होती. आता बॅकअप खरा होणार होता, म्हणून मीही ताणलं नाही.

शनिवारी दुपारी पहिला पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, फाइलींचा, डिस्कचा नव्हे. रात्री नऊला आधी चौथी डिस्क स्पेअर म्हणून घातली, राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिहिणं चालू आहे त्याची नोंद) काढून टाकली, मग सदस्यसंख्या चार. बॅकअप फाइलचा पर्याय दिला, ती सिस्टिमच्या डिस्कवर, ॲरेवर नाही; ॲरेचाच आधार ॲरेवर ठेवून उपयोग काय? रीशेपमध्ये प्रत्येक पट्टा उचलून नव्या मांडणीत परत लिहिला जातो, म्हणून तो रीबिल्डपेक्षा जड. तरी आता चार डिस्क चार खणांत, वेग ६० च्या वर आणि अंदाज पाच तासांचा.

बारानंतर वारा सुटला, ढग गडगडले आणि वीज गेली. एमआयडीसीतला अवकाळी पाऊस. यूपीएसची बॅटरी किती जुनी हे कुणालाच सांगता येईना. रीशेप ६२ टक्क्यांवर. वाट न पाहता व्हीएम नीट शटडाउन केलं, मग होस्ट. कुठवर आलोय याची खूण एमडी सुपरब्लॉकमध्ये ठेवत जातो, हे माहीत होतं. तरी त्या अंधारात मोबाइलच्या उजेडात बसून ते माहीत असण्याचा फारसा आधार वाटला नाही. पाऊण तासाने वीज आली. बूट झालं, ॲरे जोडला गेला, एमडीस्टॅटमध्ये आकडा ६२ पासून पुढे सरकला. पाथर्डी फाट्यावर उघडी असलेली एकच टपरी सापडली, तिथून पहाटेचा चहा आला.

रीशेप संपल्यावर फाइलसिस्टिम वाढवायला रिसाइज२एफएसला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. बिटमॅप परत लावली. एमडीॲडम या रेडच्या टूलच्या कॉन्फमध्ये नवी ओळ घालून इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) अपडेट केलं. हे राहिलं की पुढच्या बूटला ॲरे एमडी१२७ नावाने उगवतो आणि लोक पुन्हा घाबरून फोन करतात. एफएसटॅबमध्ये नोफेल. पूल ८० टक्क्यांवर गेला की इशारा.

मालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. रेडची जागा खाली होस्टवर आहे, जिथे खऱ्या डिस्क दिसतात. व्हीएमच्या आत ते ठेवणं म्हणजे वरच्या मजल्यावर पाया घालणं. सगळं खाली हलवायला तीन दिवस कारखाना शांत हवा, तो दिवाळीतच मिळणार. तोवर प्रतींची जागा मोकळी केली, त्या दोन आठवडे ठेवल्या होत्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी डेबियनची नेहमीची ॲरे तपासणी झाली, मिसमॅचचा आकडा शून्य.

राहता राहिला मेल. कॉन्फमध्ये मेलचा एकच पत्ता चालतो, म्हणून रूटकडे येणारा मेल तिघांकडे वळवला: माझ्याकडे, त्या मुलाकडे आणि मालकांकडे. बाहेर मेल जावा म्हणून मेल पुढे पोचवणारा रिले लावला. मग रात्री अकराला घरूनच चाचणीचा मेल सोडला, आणि मालकांना तसं सांगायचं राहून गेलं. चौथ्या मिनिटाला फोन.

"सर, एमडी शून्य असं काहीतरी आलंय. डिस्क गेली का?"

"नाही भाऊ, टेस्टमेसेज आहे. झोपा."

"अहो, मग तसं मराठीत लिहा ना त्यात."